उद्यापासून येऊ शकाल?

पंपांचा कारखाना बंद पडला तेव्हा मायक्रॉन बावन्न वर्षांचा होता आणि लेथपुढे उभं राहून त्याची एकतीस वर्षं गेली होती. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे नाव त्याला कारखान्यातच चिकटलं. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी तो जॉब, म्हणजे लेथवर केलेला भाग, बाजूला टाकून पुन्हा करायला घ्यायचा आणि वर सुपरवायझरलाच सुनावायचा, "तुमचं चालत असेल, माझं नाही चालत." पुढे पुढे बायकोही रागावली की त्याच नावानं हाक मारू लागली. "मायक्रॉनसाहेब, भाजी चिरायची आहे, मोजायची नाही."

दोनशे दहा माणसं एका दिवसात घरी बसली. बेकारी भत्त्याची सोय होती, म्हणून सगळ्यांनी अर्ज भरले. दर दुसऱ्या सोमवारी भत्ता कार्यालयात जायचं, तीन नंबरच्या खिडकीपुढे रांग लावायची, सही करायची आणि दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. खिडकीमागची बाई कायम सर्दी झाल्यासारख्या आवाजात विचारायची, "गेल्या पंधरा दिवसांत काही काम केलंत?"

"नाही."

"उद्यापासून काम मिळालं तर येऊ शकाल?"

"हो."

झालं. शिक्का बसायचा. मायक्रॉनला ही उत्तरं देताना कधी विचार करावा लागला नाही. काम नव्हतं हे खरं होतं, आणि उद्या काय, आज रात्री बोलावलं असतं तरी तो गेला असता.

पण घरी बसणं त्याला जमेना. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं त्याचं झालं. पहिल्या महिन्यात त्यानं घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं, खिडक्यांच्या कड्या सरळ केल्या आणि सुऱ्यांना अशी धार लावली की बायकोचं बोट दोनदा कापलं. ती लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करायची. संध्याकाळी पाय शेकत बसली असताना एकदा म्हणाली, "अहो, आमच्याकडे त्या अंधशाळेच्या चादरी येतात ना, तिथल्या मोठ्या बाई आल्या होत्या. त्यांचं छपाईचं यंत्र बिघडलंय. कंपनी म्हणते, इतकं जुनं मॉडेल, पार्ट मिळणार नाही. जरा बघून येता का? निदान माझ्या सुऱ्या तरी वाचतील."

तो बघायला म्हणून गेला आणि चार दिवस जात राहिला. कागदावर ठिपके उठवणारं ते यंत्र होतं, अंध माणसं बोटांनी वाचतात ते. शेजारीच मुद्रितं तपासणाऱ्या शिक्षिका बसलेल्या. त्यांनाही दिसत नव्हतं. त्यांनी एका पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे बघा, या ओळीचा घसा बसलाय." मायक्रॉननं डोळे मिटून आपलं बोट फिरवलं. एक ओळ खरंच दबलेली होती. आतली एक बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, झिजलेली निघाली. शाळेच्या कार्यशाळेत एक छोटा लेथ धूळ खात पडला होता. तो त्यानं आधी माणसात आणला आणि मग त्यावर नवी बुश केली. पहिली पसंत पडली नाही, दुसरीही नाही. चौथ्या दिवशी शिक्षिकाबाईंचं बोट त्या ओळीवरून न अडखळता पुढे गेलं, तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्याला आपण अजून आहोत असं वाटलं. पैशांचा विषय निघाला तेव्हा त्यानं हातच जोडले. मोठ्या बाईंनी शाळेच्या कागदावर आभाराचं पत्र दिलं: 'आपण सलग चार दिवस काम करून आमचे यंत्र सुरू करून दिलेत.' ते त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फायलीत ठेवलं.

पुढच्या सोमवारी नेहमीचा प्रश्न आला आणि त्यानं नेहमीसारखं "नाही" म्हटलं. त्याच्या लेखी काम म्हणजे जिथे आत शिरताना कार्ड पंच करावं लागतं आणि महिन्याच्या शेवटी पाकीट मिळतं ते.

त्यानंतरच्या सोमवारी खिडकीवरच्या बाईनं शिक्का उचलला नाही. "तुमच्याबद्दल लेखी कळवलंय कोणीतरी. हत्यारांची पिशवी घेऊन चार दिवस कामाला जात होता म्हणून. खरं आहे?"

"हो, पण ते कामाला नव्हतं," तो म्हणाला आणि मोठ्या विश्वासानं फायलीतलं पत्र काढून खिडकीतून आत सरकवलं.

बाईनं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्याला उगाचच तिची दया आली. "काका, हे तुम्ही मला दाखवायला नको होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "नुसत्या तक्रारीवर काही झालं नसतं. आता मला हे जोडावं लागेल."

"मी एक पैसा घेतला नाही."

"मान्य. पण पैसे घेतलेत का, असा प्रश्नच नाही या कागदावर. काम केलंत का, असा आहे. आणि तुम्ही 'नाही' सांगून सही केलीय."

भत्ता तीन महिने बंद झाला.

बायकोनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "चोर सोडून संन्याशाला फाशी! तो गॅरेजवाल्याचा मेहुणा रोज टेम्पो चालवतो, त्याचा भत्ता चालू. आणि तुम्ही आपल्या हातानं पुरावा नेऊन दिलात. तुम्हाला कोणी शहाणं म्हटलंय का कधी?"

त्यानं अपील केलं. सुनावणीला तिघांची समिती होती आणि मधल्या खुर्चीवर अध्यक्षबाई. पिकलेल्या केसांच्या, चष्मा डोक्यावर चढवलेल्या. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. उलट बुश कशाची केली तेही विचारलं.

"पितळेची," तो म्हणाला.

"तुम्ही खोटारडे नाही, हे इथे बसलेल्या तिघांनाही कळतंय," त्या म्हणाल्या. "पण मी आज फुकटच्या कामाला सूट दिली, तर उद्या काय होईल सांगते. एखादा कंत्राटदार पन्नास माणसं राबवेल आणि प्रत्येकाकडून लिहून घेईल, की मदत म्हणून केलं. भत्ता आम्ही द्यायचा आणि मजुरी त्यानं वाचवायची. झालंय असं. नियम त्या माणसासाठी केलाय, सापडलात तुम्ही."

"मग जो चुकून सापडलाय त्याला सोडून द्या की."

एक सदस्य हसला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "तेवढी मुभा मला नाही. वरच्या मंडळाला आहे. तीस दिवसांत तिकडे जा. शाळेच्या बाई साक्षीला आल्या, तर तुमचं काम होईल असं मला वाटतं."

निकालाची प्रत मिळेपर्यंत त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. पुढचं नाव पुकारलं गेलं आणि आत कोण गेलं ते पाहून तो चमकला. पॅकिंगवाली. त्यांच्याच कारखान्यात पंप खोक्यात भरणारी, आणि त्यांच्याच इमारतीत बरोबर त्यांच्या डोक्यावरच्या खोल्यांमध्ये राहणारी. चाळिशीला टेकलेली. घरात ती आणि वडील, दोघंच. वडील बस डेपोत टाइमकीपर होते, दीड वर्षापूर्वी त्यांची डावी बाजू गेली. तिनं मायक्रॉनकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

"उद्यापासून येऊ शकाल का, या प्रश्नाला तुम्ही 'नाही' लिहिलंत," अध्यक्षबाई म्हणत होत्या. "म्हणून अर्ज नामंजूर झाला. असं का लिहिलंत?"

"कारण उद्यापासून नाही येऊ शकत. कारखाना होता तेव्हा तळमजल्यावरच्या एक आजी बाबांजवळ बसायच्या. त्या वारल्या. दुसरं माणूस शोधायला पैसे लागतात आणि पैसे काम मिळाल्यावर येणार. काम मिळालं की चार-आठ दिवसांत सोय करीन मी."

"नियमात 'उद्यापासून' आहे."

"म्हणून तर खरं ते लिहिलं."

आत कागद चाळल्याचा आवाज आला. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "घरात कोणी आजारी असलं म्हणून भत्ता नाकारायचा, असं नाही. तुमच्या माघारी त्यांच्याजवळ कोण थांबेल, त्या एका माणसाची सही आणा. दहा दिवसांत. एवढं पुरे आहे."

"तसं माणूस असतं, तर मी 'हो'च लिहिलं नसतं का?" पॅकिंगवाली म्हणाली.

दोघांना बस एकच होती. गर्दी नव्हती, तरी ती त्याच्यापासून दोन सीट लांब बसली. उतरल्यावर मात्र फुटपाथवर थांबली आणि म्हणाली, "दादा, तुमच्याबद्दल मी कळवलं होतं."

त्याला आधी समजलंच नाही.

"चार दिवस बघत होते मी. सकाळी पिशवी घेऊन जायचात, संध्याकाळी काळे हात घेऊन यायचात. मला वाटलं, यांना काम पण आहे आणि भत्ता पण आहे. मला दोन्ही नाही. आपण एकाच दिवशी घरी बसलो ना? ते डोक्यात बसलं माझ्या. निनावी नाही लिहिलं, खाली सही केली. शाळेचं मला आज कळलं, तुम्ही आत बोलत होता तेव्हा."

"विचारायचं तरी मला!" तो ओरडला. दोन माणसं वळून बघायला लागली. "एक जिना उतरून यायचं आणि विचारायचं, की दादा, कुठे जाता?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणजे? तीन महिने गेले माझे!"

तो ताडताड चालत घरी आला.

बायकोनं ऐकल्यावर छताकडे बोट दाखवलं. "म्हणजे फास वळणारी आपल्या डोक्यावर राहते!" त्या दिवसापासून वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला तरी ती पुटपुटायला लागली.

मायक्रॉन पुटपुटत नव्हता. त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. एकाच कारखान्याची दोन माणसं, एकाच दिवशी बेकार झालेली. तिला जो प्रश्न विचारला तोच आपल्याला विचारला. आपण 'हो' म्हणालो, त्यात आपलं काय कर्तृत्व? आपल्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही, एवढंच. एकाच मापानं दोन वेगळे जॉब तपासायचे आणि एक नापास करायचा, हे त्याच्या एकतीस वर्षांच्या सवयीला पटेना. आणि तरीही राग जाईना. दोन्ही गोष्टी एकदम मनात राहू शकतात, याचंच त्याला नवल वाटत होतं.

सुनावणीनंतर पाचव्या दिवशी दुपारी वर धप्पकन काहीतरी पडलं. पाठोपाठ पावलं वाजली नाहीत. तो तसाच अनवाणी वर धावला. दार नुसतं लोटलेलं होतं. टाइमकीपर पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते, आणि चेहऱ्यावर वेदनेपेक्षा संतापच जास्त होता.

"किती वाजले?" त्यांनी पहिला प्रश्न हा केला.

"आधी उठा तर!" मायक्रॉननं त्यांच्या काखेत हात घातले. कुठे आधार द्यायचा, वजन कुठल्या बाजूला झुकतंय, हे हातांना आपोआप कळलं. पलंगावर बसवून त्यानं कोपर तपासलं, गुडघा तपासला. खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं.

"औषधाच्या दुकानात गेलीय," म्हातारे म्हणाले. बोलणं थोडं ओघळायचं, पण नीट लक्ष दिलं की समजायचं. "वीस मिनिटांत येते म्हणाली. सव्वीस झाली. तुम्ही खालचे ना? तिनं तुमचं नुकसान केलं. सांगितलं मला तिनं."

"हं."

"खोटं बोलायचं नाही, हे मीच शिकवलं तिला. डेपोत एक मिनिट उशिरा आलेल्याला मी एक मिनिट उशीरच लिहायचो, मग तो मित्र का असेना. आता तिनंही तेच केलं. एक 'हो' लिहिलं असतं, तर घरात भत्ता आला असता." ते थांबले. "पण तुमची नोंद तिनं न विचारता केली. ती चूक. मी असतो तर आधी विचारलं असतं."

तेवढ्यात ती आली. हातात औषधांची पुडी, पळत जिना चढल्यामुळे धाप लागलेली. दारातच थबकली. मायक्रॉन उठला, "कोपराला मलम लावा," एवढंच बोलून खाली गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवार नव्हता, तरी तो तीन नंबरच्या खिडकीवर गेला.

"एक विचारायचं होतं. वरच्या ताईंच्या वडिलांजवळ थांबणारा माणूस म्हणून मी सही केली तर?"

बाईनं नाक पुसलं. "नाही चालणार. तुम्ही त्यांच्याजवळ थांबणार, म्हणजे उद्यापासून कामाला येऊ शकणार नाही. मग तुमचाच भत्ता बंद."

"तो बंदच आहे की. तीन महिने. या तीन महिन्यांत मी तुमच्या वहीत आहे का?"

बाई बोलायला तोंड उघडणार, तोच थांबली. मागचं कपाट उघडून तिनं नियमांचं पुस्तक काढलं आणि बोटानं ओळी शोधत राहिली. रांगेतल्या कोणीतरी खाकरून आठवण करून दिली, पण तिनं मान वर केली नाही. "नाही," शेवटी ती म्हणाली. "बंदीच्या काळात तुम्ही आमच्याकडे नाही. म्हणजे तुम्ही सही करू शकता." मग तिचा चेहरा पडला. "पण काका, तुमचं वरच्या मंडळाकडे अपील जायचंय ना? ते तुम्ही जिंकलात तर बंदी उठेल. तुम्ही पुन्हा वहीत याल आणि त्यांच्यासाठी केलेली तुमची सही बाद होईल. दोन्ही नाही करता येणार."

हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो बसनं न येता पायी घरी आला.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं, काही न लपवता. अंधशाळेच्या बाई साक्षीला यायला तयार होत्या. अपील जिंकण्याची बरीच शक्यता होती. जिंकलं तर तीन महिन्यांचा भत्ता परत मिळणार होता, आणि नावावरचा डागही जाणार होता.

बायको बराच वेळ इस्त्रीनं भाजलेल्या मनगटाला खोबरेल चोळत राहिली. "माझ्या पगारात दोघांचं भागेल," ती म्हणाली. "ओढाताण होईल, पण भागेल. वर काय भागवत असतील?"

"मला नाही माहीत."

"मला माहीत आहे. कचरा टाकायला दोघी एकदमच जातो ना. पिशवीवरून कळतं घरातलं." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "तिचा राग मला अजून आहे, हे लक्षात ठेवा. मी काही संतीण नाही. सही करायची तर करा. पण एक सांगते, उपकार केल्यासारखं तोंड करून तो जिना चढायचा नाही. ते म्हाताऱ्यांनाही कळतं आणि तिलाही."

त्यानं सही केली. अपिलाचे तीस दिवस येऊन गेले.

टाइमकीपर काही सोपे गृहस्थ नव्हते. पहिल्याच सकाळी म्हणाले, "चार मिनिटं उशीर." मायक्रॉन दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी गेला, तर म्हणाले, "लवकर येणं हीसुद्धा चूक धरतात." त्याला मनातून ते आवडलं. एवढ्या बारकाईनं मोजणारा माणूस कितीतरी दिवसांनी भेटला होता. अंघोळ घालायची, कपडे बदलायचे, पेपर वाचून दाखवायचा. पहिल्या आठवड्यात दोघंही लाजत होते. पुढे लाज मेली. त्यानं पलंगाच्या पायांखाली ठोकळे देऊन उंची वाढवली, भिंतीला हाताशी येईल असा पाइप बसवला आणि धरून उभं राहायला लावलं. पहिल्या दिवशी सात सेकंद. मोजले अर्थात टाइमकीपरांनीच.

पॅकिंगवालीचा भत्ता सुरू झाला. पाचव्या आठवड्यात कार्यालयानं तिला औषधांच्या गोदामात सकाळच्या पाळीला पाठवलं आणि ती खरोखरच दुसऱ्या दिवसापासून गेली. तिच्यात आणि मायक्रॉनमध्ये फार बोलणं कधीच झालं नाही. ती दुपारी आली की तो उठायचा. "आज पंधरा मिनिटं उभे राहिले," असं सांगायचा. ती मान डोलवायची. एकदा जिन्यात त्याची बायको आणि ती समोरासमोर आल्या. बायकोनं तिच्या हातातलं पिठाचं पोतं एका बाजूनं धरलं आणि वरपर्यंत नेलं. तेव्हाही दोघी बोलल्या नाहीत.

बंदीचे तीन महिने संपले, त्यावर पहिले पंधरा दिवस भरले आणि तो पुन्हा रांगेत उभा राहिला.

"गेल्या पंधरा दिवसांत काही काम केलंत?"

या वेळी त्यानं 'नाही' म्हटलं नाही. "तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "रोज एका म्हाताऱ्या माणसाला उचलत होतो, अंघोळ घालत होतो. चार दिवस बुश केली ते काम होतं. मग हे काय आहे? ती ताई स्वतः हेच करत होती, तेव्हा तुम्ही त्याला अडचण म्हणालात."

बाईनं पेन खाली ठेवलं. "घरच्या माणसाचं केलं तर काम धरत नाहीत. परक्याचं केलं तर धरतात, फुकट असलं तरी. त्यांचं तुमचं नातं काय?"

"काही नाही. ते वर राहतात, मी खाली राहतो."

"काका," ती आवाज खाली आणून म्हणाली, "लांबचं काही सांगितलंत तरी मी लिहीन. मामा, काका, काहीही. कोणी तपासायला येत नाही."

मागे रांग चुळबुळत होती. मायक्रॉननं खिडकीच्या कडेला दोन्ही हात टेकले. दोन खोटे शब्द, आणि भत्ता चालू. असाच एक खोटा शब्द न लिहिल्यामुळे वरच्या घरात इतके दिवस चूल कशी पेटली असेल, ते त्याच्या मनात आलं.

"नातं नाही," तो म्हणाला. "पण कालपासून तिथे जायचं थांबवलंय. ताईंनी पगारातून एक बाई ठेवली, अर्धा दिवस. आणि आता ते पाइप धरून दारापर्यंत चालतात, तासभर एकटे बसू शकतात. पंधरा दिवसांचं तुमच्या नियमात जे बसेल ते लिहा."

बाईनं 'काम: होय' असं लिहिलं, आणि त्या पंधरा दिवसांचा भत्ता कापला गेला. अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. काय लिहिलं, ते त्यानं विचारलं नाही. वरच्या साहेबांपैकी कोणी ते वाचलं की नाही, तेही त्याला कधी कळलं नाही.

"उद्यापासून काम मिळालं तर येऊ शकाल?"

"हो," तो म्हणाला.

शिक्का बसला. सात आठवड्यांनी लिफ्ट दुरुस्तीच्या एका कारखान्यात त्याला लेथ मिळाला, आधीच्यापेक्षा लहान आणि जरा डगमगणारा. पहिला अख्खा दिवस त्यानं तो समतल करण्यात घालवला. सुपरवायझर वैतागला, पण त्यानं ते करू दिलं.